पाइपाची डाय: चढवण्यापासून उतरवून ठेवेपर्यंत

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेट, कुठल्याही प्लास्टिक पाइपाच्या युनिटमध्ये जा, जाडी बिघडली की पहिला आरोप डायवरच, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकला पाइपाचा आकार देणाऱ्या साच्यावरच येतो. "साहेब, डाय गेली" असं म्हणत ऑपरेटर पाना घेऊन सेंटरिंगच्या, म्हणजे जाडी सगळीकडून सारखी करायच्या बोल्टांना भिडतो आणि अर्ध्या तासात जे बरं चाललं होतं तेही बिघडवून ठेवतो. माझं मत सरळ आहे, डायचे बोल्ट हा शेवटचा उपाय. त्याआधी टेम्परेचर, मटेरियल, हॉल-ऑफ (पाइप ओढणारं मशीन) आणि व्हॅक्यूम टँक (पाइप गार करून माप पक्कं करणारी टाकी) हे सगळं बघून झालेलं पाहिजे. हा लेख मुख्यतः रिजिड म्हणजे कडक पीव्हीसी पाइपाच्या डायबद्दल आहे कारण आपल्याकडे छोट्या युनिटांत तीच जास्त दिसते आणि तीच जास्त त्रास देते, एचडीपीईचा (पॉलिथिलीनचा एक प्रकार) फरक जिथे पडतो तिथे सांगत जातो.

डायच्या आत असतं काय

चकलीच्या सोऱ्याचं उदाहरण सगळेच देतात आणि ते चुकीचं नाही, पण सोऱ्यातली चकली पोकळ नसते, पाइप पोकळ असतो, आणि सगळी भानगड त्या पोकळपणातून सुरू होते. मधला गाभा म्हणजे पिन किंवा मँड्रेल, तो हवेत तर लटकू शकत नाही, म्हणून त्याला धरायला स्पायडर, म्हणजे पाय असलेली कडी लागते. मटेरियल बॅरलमधून (आत स्क्रू फिरतो ती गरम नळी) येतं, ब्रेकर प्लेटच्या भोकांमधून सरळ होतं, डाय जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमधून जातं, स्पायडरच्या पायांपाशी फाटतं, पुढे पुन्हा एकजीव होतं आणि शेवटी पिन आणि तिच्याभोवतीची बाहेरची कडी म्हणजे बुश यांच्यामधल्या गोल फटीतून बाहेर येतं. ही शेवटची सरळ फट म्हणजे लँड. स्पायडरनंतर मार्ग अरुंद केलेला असतो तो उगाच नाही, तिथे दाब वाढतो म्हणून फाटलेलं मटेरियल नीट जुळतं. तिथे जुळलं नाही तर पाइपावर उभ्या रेषा दिसतात, आणि प्रेशर टेस्टला पाइप बरोबर त्याच रेषेवर उभा चिरतो.

एचडीपीईच्या मोठ्या पाइपाला स्पायडरऐवजी बहुतेक स्पायरल मँड्रेलची नाहीतर बास्केट टाइप डाय वापरतात, त्यात ती जोडाची रेष पसरून जाते. पीव्हीसीला मात्र स्पायडरच बरा, कारण पीव्हीसीला कोपरे, खाचा आणि थांबायची जागा चालत नाही. जिथे थांबलं तिथे जळलं, आणि जळलं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू सुटतो, नाकाला झोंबतो आणि पोलादही खातो. म्हणून पीव्हीसीच्या डायला आतून हार्ड क्रोम केलेलं असतं किंवा डायच स्टेनलेस टूल स्टीलची बनवतात.

बाकीचे प्रकार एका दमात सांगतो. शीट आणि कास्ट फिल्मला सपाट डाय, आतला मार्ग कोट अडकवायच्या हँगरच्या आकाराचा, म्हणजे मधे आणि कडांना माल सारखा पोचतो. पिशव्यांच्या फिल्मला उभी गोल डाय, मधून हवा भरून फुगा करतात. वायरवर कोटिंगला क्रॉसहेड, तिथे तांब्याची तार मधून जाते आणि प्लास्टिक बाजूने येतं. खिडकीच्या चौकटी, केबलची पट्टी, गॅस्केट यांना प्रोफाइल डाय, आणि ती बनवणारा माणूस खरा कारागीर, कारण चौकोनी भोकातून चौकोन कधीच बाहेर येत नाही, बाहेर पडताना माल फुगतो आणि बाजू बाहेर येतात, म्हणून भोकच मुद्दाम वाकडं कापावं लागतं.

माप काढायचं गणित

डाय निवडताना कागदावर एक हिशोब करून घ्या. समजा ११० मिमी बाहेरचा व्यास आणि ३.२ मिमी जाडीचा पाइप काढायचाय. बुश ११३ चा आणि पिन १०५.६ ची असेल तर फट ३.७ ची झाली. आता डायच्या फटीचं क्षेत्रफळ भागिले पाइपाचं क्षेत्रफळ करा, म्हणजे ११३ चा वर्ग वजा १०५.६ चा वर्ग, आणि खाली ११० चा वर्ग वजा १०३.६ चा वर्ग. उत्तर १.१८ च्या आसपास येतं. याचा अर्थ डायमधून आलेला माल हॉल-ऑफ थोडा ताणून बारीक करतोय. हा आकडा एकच्या खाली आला तर माल टँकच्या तोंडाशी साचणार, फार वर गेला तर पाइपात ताण राहणार आणि नंतर गरम पाण्यात किंवा उन्हात तो लांबीला आखडणार. एचडीपीई जास्त ताण सोसतं, रिजिड पीव्हीसी तेवढं नाही.

दुसरा हिशोब वजनाचा, तो शेठला लगेच पटतो. याच पाइपाचं एका मीटरचं वजन, कंपाउंडची घनता १.४५ धरली तर, साधारण १.५६ किलो. आता सेंटर आउट आहे, म्हणजे पिन बुशच्या बरोबर मधोमध नाही, म्हणून एका बाजूला ३.२ आणि समोर ३.८ येतंय असं धरा. सरासरी झाली ३.५, वजन झालं १.७० किलोच्या जवळ. म्हणजे मीटरमागे जवळपास १४० ग्रॅम आणि सहा मीटरच्या एका नगामागे ८०० ग्रॅमहून जास्त माल फुकट. बारीक बाजू कमीतकमी जाडीच्या खाली जाऊन चालत नाही, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपाला आयएस ४९८५ आणि पॉलिथिलीनला आयएस ४९८४ आहेच, त्यामुळे सेंटर आउट असलं की ऑपरेटर सगळाच पाइप जाड करून सुटका करून घेतो. पाइप पास होतो, पैसा जातो.

डाय चढवणं

आधी बाकावर. पिन, बुश, स्पायडर, सगळे तोंडाचे पृष्ठभाग हाताने चाचपून बघा, नख अडकलं तर पाइपावर रेष येणार हे नक्की. दोन भाग एकमेकांवर बसतात त्या फेसवर जुन्या मालाचा कागदाएवढा थर जरी राहिला तरी तिथून गळती होते आणि गळलेला माल हीटरखाली जाऊन जळत बसतो. बोल्ट १२.९ ग्रेडचेच घ्या, आट्यांना कॉपर किंवा मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. हे ग्रीस न लावलेला बोल्ट पुढच्या वेळी निघत नाही, डोकं गोल होतं आणि मग ड्रिल घेऊन बसा.

उचलायला चेन पुली आणि आय बोल्ट, दोघांनी हातावर उचलून "चल रे, लागेल" हे धंदे नकोत. ११० ची डाय पायावर पडली की काय होतं ते सांगायला नको.

सगळे बोल्ट थंड असताना बेताने आवळा, समोरासमोर, क्रॉसमध्ये. पूर्ण आवळायचं गरम झाल्यावर. पोलाद तापून फुगतं आणि बोल्टही फुगतात, थंडीत कचकून आवळलेला जोड गरम झाल्यावर तसाच राहतो हा गैरसमज आहे. हीटर बँड घट्ट बसलेत का बघा, बँड आणि डायच्या मधे हवा राहिली तर हीटरच जळतो. थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारा सेन्सर) भोकात तळापर्यंत गेलंय का आणि ते ज्या झोनचं आहे त्याच झोनच्या कंट्रोलरला लागलंय का, हे दोनदा बघा. थर्मोकपल बाहेर निसटलं की कंट्रोलरला वाटतं डाय थंड आहे, तो हीटर चालूच ठेवतो, स्क्रीनवर दिसतात १२० आणि आत मालाचा कोळसा होतो. आणि पिन आतून तापवायचा हीटर असेल तर त्याची वायर स्पायडरच्या पायातून येते, तिथे इन्सुलेशन घासलेलं असेल तर आत्ताच बदला.

फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फट चारी बाजूंनी सारखी करून घ्या. ही फक्त सुरुवात आहे, खरं सेंटरिंग माल चालू झाल्यावर.

तापवणं

इथे सगळ्यात जास्त घाई होते. कंट्रोलरवर सेट पॉइंट आला म्हणजे डाय तापली असं होत नाही, थर्मोकपल पोलादाच्या एका जागेचं टेम्परेचर सांगतं, पिनचा गाभा अजून गार असतो. ११० च्या साफ, रिकाम्या डायला दीड-दोन तास द्या, एचडीपीईच्या मोठ्या डायला त्याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून तिथे आदल्या रात्रीच हीटर लावून ठेवतात. मात्र डायमध्ये किंवा अ‍ॅडॉप्टरमध्ये जुनं पीव्हीसी भरलेलं असेल तर असं तासन्‌तास शिजवत ठेवायचं नाही, ते आतल्या आत जळतं.

आकडे कंपाउंडवर ठरतात, तरी अंदाज म्हणून रिजिड पीव्हीसीला बॅरल १६५ ते १८५, डाय १८० ते १९५, तोंडाला चार-पाच डिग्री वर. एचडीपीईला १९० ते २२०. सगळे झोन लागले की टाँग टेस्टरने, म्हणजे वायरीभोवती लावायच्या चिमट्यासारख्या मीटरने, प्रत्येक हीटरचा करंट बघून घ्या. एक बँड अर्धा मेलेला असला तर डायची एक बाजू गार राहते, तिकडून माल कमी येतो, आणि मग "सेंटर आउट" म्हणून बोल्ट फिरवले जातात. या एका तपासणीत निम्म्या तक्रारी संपतात, अनुभवाने सांगतोय.

लाइन पकडणं

स्क्रू हळू, माल सोडणारा फीडर कमी. ट्विन स्क्रूचा (दोन स्क्रूचं मशीन) लोड आणि मेल्ट प्रेशर यांवर नजर ठेवा, प्रेशर सरळ वर चढत गेलं तर पुढे काहीतरी गार आहे, स्क्रू थांबवा, जबरदस्ती करू नका. डायच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. आत अडकलेली हवा आणि वायू माल घेऊन थुंकल्यासारखे बाहेर उडतात, आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं. चिकटलंच तर ओढून काढायचं नाही, त्यावर गार पाणी धरायचं आणि डॉक्टर गाठायचा. हातमोजे आणि चेहऱ्याची शील्ड उकाड्यात नकोसे वाटतात, मे महिन्यात शेडमध्ये तर बघायलाच नको, तरी घालायचेच.

पहिला माल भुसभुशीत, खडबडीत येतो, मग हळूहळू चकाकी धरतो. गोळा सगळीकडून सारखा आणि चकचकीत यायला लागला की कापून टाका आणि नव्याने आलेलं तोंड टँकमधून आधीच घालून ठेवलेल्या डमी पाइपाला जोडा. डमी हॉल-ऑफमध्ये पकडलेला असतोच, तो सावकाश ओढत नेतो. पाइपाचं पुढचं तोंड तेव्हा चिमटलेलं असतं, त्यामुळे पिनच्या मधलं हवेचं भोक उघडं आहे ना हे आधीच बघितलेलं असावं, नाहीतर पाइप आत बसतो. माल स्लीव्हमध्ये नीट भरला, टँकची दोन्ही तोंडं पाइपाने बंद झाली, की मग हळूहळू व्हॅक्यूम. एकदम व्हॅक्यूम दिलात तर पाइप स्लीव्हला चिकटून तुटतो आणि सगळं पहिल्यापासून.

पाइपाचा बाहेरचा व्यास डाय ठरवत नाही, टँकमधली पितळी स्लीव्ह ठरवते. स्लीव्ह पाइपाच्या मापापेक्षा किंचित मोठी असते कारण पाइप गार होताना आकसतो. म्हणजे व्यास कमी-जास्त आला तर डायकडे बघायचंच नाही, व्हॅक्यूम, पाण्याचं टेम्परेचर आणि लाइनचा स्पीड बघायचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी तापतं, चिलर नीट नसेल तर तेवढ्यानेही माप हलतं.

सेंटरिंग, जरा सावकाश

लाइन चालू होऊन टेम्परेचर आणि प्रेशर स्थिर झाले, जाडी अजूनही एका बाजूला जास्त आहे, हीटर सगळे चालू आहेत, आता बोल्ट.

डायपाशीच मार्करने पाइपाच्या डोक्यावर, बरोबर बारा वाजताच्या जागी, खूण करा आणि ती खूण कटरपाशी पोचू द्या. तिथे एक कडी कापा आणि बॉल टिपच्या मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घ्या. साध्या व्हर्निअरने आतल्या गोलाईवर रीडिंग चुकतं. आकडे कडीवरच लिहा. मग सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक टाळा, ती म्हणजे डावं-उजवं. कडी हातात घेऊन तुम्ही डायकडे तोंड करून उभे आहात की पाठ करून, त्यावर डावं-उजवं उलटतं. म्हणून कडीच्या ज्या तोंडावर डायची बाजू आहे तिथे फुली मारा, फुली डायकडे करून कडी डायसमोर धरा, खूण वर. आता जी बाजू जाड दिसते, तीच डायवरची जाड बाजू.

बहुतेक पाइप डायमध्ये पिन स्पायडरवर पक्की असते आणि बुश हलते. बोल्ट बुशला बाहेरून आत ढकलतात. वर जाड असेल तर वरची फट मोठी आहे, बुश खाली सरकवायची, म्हणजे आधी खालचा बोल्ट सैल करायचा आणि मग वरचा आवळायचा. आधी समोरचा सैल, नंतर जाड बाजूचा आवळ, हा क्रम उलटा केला की बोल्ट वाकतो किंवा तुटतो. बुशला धरून ठेवणारे समोरचे फेसचे बोल्टही किंचित, अगदी किंचित सैल करायचे, पूर्ण सोडले तर तिथून माल गळतो.

किती फिरवायचं? कमी. फटीतून जाणारा माल फटीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फट एका बाजूला १० टक्के वाढली तर तिकडचा माल ढोबळमानाने ३३ टक्के वाढतो. पीव्हीसीचा प्रवाह पाण्यासारखा सरळ वागत नाही त्यामुळे हा आकडा नेमका नाही, पण बोल्ट अर्धा आटा फिरवणारा माणूस काय करतोय ते यावरून कळतं. पाव आट्याच्याही आत राहा, आणि थांबा.

थांबायचं म्हणजे किती तेही हिशोबाने. ताशी १५० किलो माल आणि मीटरला १.५६ किलो, म्हणजे लाइन मिनिटाला साधारण १.६ मीटर चालतेय. डायपासून कटर १२ मीटरवर असेल तर आत्ता केलेला बदल तिथे साडेसात मिनिटांनी दिसणार. त्याआधी कापलेली कडी जुनीच गोष्ट सांगते, आणि ती बघून लोक अजून एकदा बोल्ट फिरवतात. यासाठीच म्हणतो, कापायच्या वेळेची नोंद कडीवर लिहा.

जाड भिंतीच्या एचडीपीई पाइपात एक वेगळीच गंमत असते, माल आतून बराच वेळ मऊ राहतो आणि आपल्याच वजनाने खाली ओघळतो. तिथे खालची फट मुद्दाम कमी ठेवतात. त्या डायला फीलर गेज लावून "ही तर सेंटर आउट आहे" म्हणून दुरुस्त करू नका.

दोष बघून काय ओळखायचं

पाइप आतून खडबडीत आणि बाहेरून छान असेल तर बहुतेक पिन गार आहे किंवा मालच नीट शिजलेला नाही. बाहेरून मंद, आतून बरा असेल तर तोंडाचं टेम्परेचर वाढवून बघा. एकाच जागी पिवळी-तपकिरी रेष सतत येत असेल तर स्पायडरच्या पायामागे किंवा अ‍ॅडॉप्टरच्या जोडात जळलेलं काहीतरी चिकटलंय, ते टेम्परेचरने जाणार नाही, डाय उघडायलाच लागणार. काळे ठिपके इकडे-तिकडे येत असतील तर मात्र आधी ग्राइंडिंगचा माल आणि मिक्सर तपासा. सारख्या अंतरावर जाडी कमी-जास्त होत असेल तर डाय निर्दोष आहे, हॉल-ऑफचा पट्टा घसरतोय किंवा फीडर हुकतोय. बारीक खरचटल्यासारखी सरळ रेष असेल तर पितळी पट्टीने तोंड पुसून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर जातं.

पावसाळ्यात बुडबुडे आणि चांदीसारखे चट्टे वाढतात. खाडीच्या बाजूची ती दमट हवा, उघड्या पोत्यातलं कॅल्शियम कार्बोनेट ओल धरतं, आणि दोष डायवर येतो.

बंद करणं

आपल्याकडे एमआयडीसीत अनेक युनिटांची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे गुरुवारी रात्रीचं बंद करणं आणि शनिवारी सकाळचं चालू करणं यात डायचं आयुष्य ठरतं. पीव्हीसी असेल तर आत तसंच सोडून घरी जायचं नाही. फीडर बंद करा, बॅरल रिकामं होऊ द्या, स्टॅबिलायझर (माल जळू न देणारं रसायन) जास्त असलेलं, जुना माल ढकलून काढणारं पर्जिंग कंपाउंड टाकून डायमधून काळजीपूर्वक काढा, आणि लांबची सुट्टी असेल तर डाय गरम असतानाच उघडा. एचडीपीईला उलट, स्क्रू आणि डाय मालाने भरलेली ठेवून टेम्परेचर उतरवा, हवा आत गेली नाही तर माल खराब होत नाही.

वीज गेली तर पीव्हीसीवाल्यांना आरामात चहा प्यायला वेळ नसतो. जनरेटर किमान स्क्रू फिरवेल एवढा तरी हवा. तेही नसेल तर डाय लगेच सोडवायच्या तयारीला लागा, कारण हीटर बंद असले तरी पोलादात साठलेली उष्णता माल जाळत राहते. झोंबणारा वास आला की आधी एक्झॉस्ट आणि दारं. आणि ज्या मशीनवर अ‍ॅसिटल म्हणजे पीओएम चालतं तिथे पीव्हीसीचा दाणाही जाऊ द्यायचा नाही, हे दोन एकत्र तापले तर वायूचा दाब इतका वाढतो की स्फोटापर्यंत जाऊ शकतं.

साफसफाई आणि ठेवणं

गरम असताना, पितळी खरवडणी, तांब्याची जाळी, लाकूड. स्क्रू ड्रायव्हर आणि हॅक्सॉचं तुटकं पान डायच्या जवळपासही नको, लँडवर एक ओरखडा म्हणजे पुढच्या प्रत्येक पाइपावर एक रेष. गॅसची नळी लावून जाळायचा शॉर्टकट पीव्हीसीला तर अजिबात नको, अ‍ॅसिडचा धूर निघतो आणि पोलादाचा टेंपर आणि क्रोम दोन्ही जातं. उरलेला पातळ थर पॉलिश पेस्टने, कापडाने, मालाच्या वाहण्याच्या दिशेने काढायचा. धारेवर एमेरी पेपर फिरवायचा नाही, तोंडाची कडा गोल झाली की बुश बदलायचीच.

पीव्हीसी चाललेल्या डायवर अ‍ॅसिडचा अंश राहतो, त्यावर दमट हवा बसली की चार दिवसात खड्डे पडतात. न्यूट्रलायझर स्प्रे मिळतो तो मारा, पुसून कोरडं करा, डाय कोमट असतानाच गंजरोधक तेल लावा आणि गंजरोधक कागदात गुंडाळा. पिन आणि बुश लाकडी खोक्यात वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा, जमिनीवर नाही. त्याच खोक्यात एक कार्ड टाका, त्यावर पिन-बुशची मापं, सोबतची स्लीव्ह कुठली, शेवटच्या चांगल्या शिफ्टचे झोननुसार टेम्परेचर, मेल्ट प्रेशर, लाइन स्पीड आणि एका मीटरचं वजन. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घाला, नाहीतर तेलाने पेनची शाई पसरते आणि पुढच्या वेळी १८५ आहे की १९५ यावरून वाद होतो.